नाव पुकारलं, पण ती आलीच नाही

८ फेब्रुवारी १९३६. फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन फुटबॉलच्या नऊ संघांची माणसं जमली होती. हा लांबट चेंडूचा, हातात घेऊन पळायचा खेळ, आपला फुटबॉल नव्हे. चांगले खेळाडू दरवर्षी त्याच त्या दोन-तीन तालेवार संघांकडे जातात, आमच्या वाट्याला गाळ येतो, ही ईगल्स संघाच्या बर्ट बेल यांची तक्रार होती. त्यावर त्यांनीच तोड काढली. कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करायची. तळाच्या संघाने पहिलं नाव उचलायचं, मग त्याच्या वरच्याने, मग त्याच्या वरच्याने. ज्याने नाव उचललं त्यानेच त्या खेळाडूशी बोलायचं, बाकीच्यांनी त्याच्या दाराशीही फिरकायचं नाही. हाच ड्राफ्ट. ईगल्स तळाला होते, म्हणून पहिलं नाव त्यांनी उचललं: शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर, त्या काळचा कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा खेळाडू.

बरवँगर आला नाही. ईगल्सनी त्याच्यावरचे हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकले, तिथेही पैशाचं जमलं नाही, आणि गडी फोम रबरच्या कंपनीत नोकरीला लागला. व्यावसायिक सामना तो आयुष्यात एकही खेळला नाही.

म्हणजे ही पद्धत जन्मली त्या दिवशी तिची पहिली निवडच हुकली. तेव्हापासून दरवर्षी कुठल्या तरी अमेरिकन खेळात कुठला तरी क्लब हळहळत असतो की एवढा गुणी खेळाडू आम्ही ड्राफ्टमध्ये घेतला आणि तो दुसरीकडे गेला. चाहते चिडतात, खेळाडूला कृतघ्न म्हणतात, त्याचा एजंट लोभी ठरतो. मला या हळहळीत कधीच सूर मिसळता आला नाही. आपल्या फुटबॉलमध्ये तर नाहीच. ड्राफ्टमधला खेळाडू हातचा गेला तर क्लबने आधी स्वतःच्या घरात बघावं, आणि फुटबॉलच्या लीगने ही पद्धतच मोडीत काढावी, असं माझं मत आहे. ते कशामुळे बनलं ते सांगतो.

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे, ड्राफ्ट तितकासा नाही. लिलावात निदान खेळाडूची बोली चढते आणि चढलेला पैसा त्याच्याच खिशात जातो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. क्रम असतो, आणि त्या क्रमाने नाव पुकारलं जातं. आयपीएलनेही एकदा हा प्रकार केला होता, २००८ साली, एकोणीस वर्षांखालच्या विश्वविजेत्या पोरांसाठी. दिल्लीला आधी संधी होती. घरचा पोरगा विराट कोहली यादीत होता. दिल्लीने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला आणि कोहली बंगळुरूला गेला. पुढचं सांगायला नको.

पण कोहलीचं हुकणं आणि बरवँगरचं हुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. दिल्लीची नजर चुकली. नजर कुणाचीही चुकते. २००४ साली अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरच्या ड्राफ्टमध्ये क्लिंट डेम्प्सीचं नाव आठव्या क्रमांकावर आलं. त्याआधी सात नावं पुकारून झाली होती, आणि पुढे डेम्प्सी इंग्लंडमध्ये फुलहमकडून वर्षानुवर्षं गोल करत राहिला. त्याच सुमाराला जे डिमेरिट नावाच्या बचावपटूला ड्राफ्टमध्ये कुणी हातच लावला नाही. तो पाठीला पिशवी लावून इंग्लंडला गेला, खालच्या खालच्या संघांतून खेळत वर चढला, आणि २००६ मध्ये वॉटफर्डला प्रीमियर लीगमध्ये नेणाऱ्या सामन्यात त्यानेच गोल केला. या सगळ्या नजरचुका. त्यावर हसावं आणि पुढे जावं.

नजर बरोबर होती, नावही बरोबर पुकारलं, आणि तरी माणूस आला नाही, तेव्हा प्रश्न नजरेचा राहत नाही. घराचा होतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या बायकांच्या फुटबॉल लीगमध्ये घडलं. न्यूजर्सीत स्काय ब्लू नावाचा क्लब होता. २०१८च्या हंगामात तो २४ सामने खेळला. १७ हरला, ६ बरोबरीत सोडवले, जिंकला एक. तोही हंगाम संपता संपता. संघात कुणी नवशिक्या पोरी होत्या असं नाही. २०१५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक करणारी कार्ली लॉइड याच संघात होती. सहमालकांत खुद्द राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी होते.

त्या जुलैत एकामागून एक बातम्या छापून आल्या. सरावाच्या जागी शॉवर नाहीत. घरचे सामने जिथे व्हायचे त्या रटगर्स विद्यापीठाच्या मैदानावरही खेळाडूंची धड सोय नाही. सामन्यानंतर पाय थंड करायला बर्फाचं पाणी लागतं, ते कचऱ्याच्या पिंपात भरायचं. क्लबने राहायला दिलेल्या घरांपैकी एका ठिकाणी खिडकीला काचेच्या जागी प्लास्टिकची पिशवी आणि पुठ्ठा. पगाराची बाजू बघा: लीगने त्या वर्षी कमीत कमी १५,७५० डॉलर आणि जास्तीत जास्त ४४,००० डॉलर अशी चौकट घातलेली. न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यूजर्सीत पंधरा हजार डॉलरमध्ये वर्ष काढायचं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्या आपल्या कुणा नातेवाइकाला विचारा.

मी हे मुद्दाम तपशिलात सांगतोय. ‘सुविधांचा अभाव’ असं म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. नव्वद मिनिटं धावून आलेली राष्ट्रीय दर्जाची खेळाडू घामट कपड्यांत गाडीत बसून घरी चालली आहे, हे उभं राहतं.

मग जानेवारी २०१९ मध्ये शिकागोत ड्राफ्ट झाला. पहिलं नाव टिएर्ना डेव्हिडसनचं, तिला शिकागोनेच घेतलं. दुसरी निवड स्काय ब्लूची. त्यांनी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या हेली मेसचं नाव घेतलं. सहावी निवडही त्यांचीच, ती नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची ज्युलिया अ‍ॅश्ली. पहिल्या सहांतल्या दोन. कागदावर यापेक्षा चांगला दिवस कुठल्या क्लबचा जाणार?

दोघीही आल्या नाहीत. मेस स्वीडनच्या रोसेनगार्डला गेली, अ‍ॅश्ली स्वीडनच्याच लिंकोपिंगला. कारणं प्रत्येकीची आपापली असतील, त्यांच्या मनात शिरायचा मला अधिकार नाही. पण आधीच्या जुलैतल्या बातम्या ज्याने वाचल्या होत्या, त्याला फार डोकं खाजवावं लागलं नसेल.

आपल्याकडे मुलीने स्थळ नाकारलं की मुलाकडची मंडळी काय म्हणतात ते आपण सगळे ऐकत आलो आहोत. मुलगी आगाऊ आहे, शिकून डोक्यात हवा गेली, आईबापांनी लाडावून ठेवलंय. आपल्या घरातली मोरी गळते, याचा विचार त्या बैठकीत कुणी करत नाही. ड्राफ्ट हा असाच पाहण्याचा कार्यक्रम आहे. त्यात बघायचं एकाच बाजूने, पसंत करायचं एकाच बाजूने, आणि पोह्यांची बशी हातात घेऊन बसलेल्या मुलीला विचारायचं काही नाही. फरक इतकाच की ड्राफ्टमध्ये एकाने पसंत केलं म्हणजे बाकीच्या स्थळांनी तिच्या घरी यायचंच नाही, असा सगळ्यांनी मिळून करार केलेला असतो.

ड्राफ्टमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा ‘हक्क’ शब्द. हेली मेसने सही केली नव्हती, एक डॉलर घेतला नव्हता, मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं, तरी ती अमेरिकेत खेळायची म्हटली तर कुणाकडून खेळेल याचा हक्क स्काय ब्लूकडे होता. पुढे तो हक्क नॉर्थ कॅरोलिना करेजकडे गेला, तेव्हा ती त्या संघाकडून खेळली. न झालेल्या लग्नाचा काडीमोड घ्यावा तसं.

आता यावर जो आक्षेप येतो तो हलका नाही. ड्राफ्टसाठी नाव नोंदवावं लागायचं. पोरीने स्वतःहून नाव नोंदवलं, मग क्लब आवडला नाही म्हणून पाठ फिरवली, तर त्याला शब्द मोडणं नाही म्हणायचं तर काय? आयपीएलने तर हाच विचार धरून नियम केला आहे: लिलावात विकला गेलेला परदेशी खेळाडू दुखापतीशिवाय ऐनवेळी मागे हटला तर दोन वर्षं बंदी. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला दिल्लीने २०२५ साठी सव्वासहा कोटींना घेतलं, तो आला नाही, बंदी बसली. मला तो नियम फारसा चुकीचा वाटत नाही. ब्रूकने स्वतःची मूळ किंमत लिहून दिली होती, त्यावर बोली लागली, दिल्लीने तेवढा पैसा त्याच्यासाठी अडकवून ठेवला.

पण ड्राफ्टमध्ये नाव नोंदवणारीने काय कबूल केलेलं असतं? मला या लीगमध्ये खेळायचंय, इतकंच. ‘अमुक एक क्लब सोडून’ असा रकाना त्या अर्जात नसतो. नाव नोंदवलं नाही तर लीगचं दारच बंद, नोंदवलं तर कुठल्याही घरात जायची तयारी धरायची. अशा वेळी एखादी नाव नोंदवते आणि मनात एक ‘नाही’ शिल्लक ठेवते, तर तिला शब्द मोडणारी म्हणणं मला पटत नाही. शब्द तिच्याकडून कुणी घेतलाच नव्हता.

दुसरा आक्षेप समतोलाचा. ड्राफ्ट गेला की सगळ्या चांगल्या खेळाडू न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला जातील आणि लहान शहरांतले क्लब भकास होतील. बर्ट बेल यांचीही हीच भीती होती. पण ही भीती दाखवणारे एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. बायकांच्या त्या लीगमध्ये पगाराला वरची मर्यादा होतीच. कुठलाही क्लब पैशाच्या जोरावर सगळ्यांना ओढू शकत नव्हता. म्हणजे एका क्लबने दुसऱ्याहून सरस काय द्यायचं? बरा प्रशिक्षक, वेळेवर फिजिओ, राहायला धड घर, आणि अंघोळीला पाणी. नेमक्या याच स्पर्धेतून ड्राफ्टने क्लबांना सूट दिली. हंगाम वाईट गेला तरी वर्षाच्या शेवटी वरचं नाव आपोआप पदरात पडणार, मग शॉवर बसवायला पैसे घालायचे कशाला?

मी कोल्हापूरचा आहे, म्हणून हा हिशेब मला जरा वेगळा दिसतो. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे तालमी. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस आधी पेठ सांगतो, मग आडनाव. हंगामाच्या आधी खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा गल्लीबोळांत एकच विषय: कोण कुठून खेळणार. आमच्या ओळखीतला एक विंगर एका वर्षी पेठ सोडून दुसऱ्या तालमीत गेला. मंडळाच्या पोरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, त्याच्या आईला भाजी मंडईत टोमणे मारले. गद्दार हा त्यातला त्यातला सभ्य शब्द होता. खूप दिवसांनी एका चहाच्या गाड्यावर त्याने मला गुडघा दाखवला. आदल्या हंगामात तालमीसाठी खेळतानाच फिरलेला. डॉक्टरचे पैसे वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून भरले. तालमीतून बघायला दोघं आले, केळी घेऊन. दुसऱ्या तालमीने नवीन काही दिलं नाही, नुसतं विचारलं, गुडघ्याचं काय म्हणतोस?

पेठेचा अभिमान मलाही आहे. तो गेला तेव्हा मीही वाकडं बोललो होतो. पण त्याला जाता आलं. एखाद्या समितीने चिठ्ठी काढून त्याला आमच्याच तालमीच्या गळ्यात बांधलं असतं, तर त्या गुडघ्याची गोष्ट कुणापर्यंत पोचली नसती.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ड्राफ्ट का चालला, याचं कारणही इथेच आहे. त्या खेळाला जगात दुसरं मोठं घर नाही. नकार द्यायचा तर खेळ सोडायचा, फोम रबर विकायचं. आपल्या फुटबॉलचं तसं नाही. फिफाचे २११ सदस्य देश. मेस आणि अ‍ॅश्लीला स्वीडन होतं. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची कॅटरिना मकारिओ, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान दोनदा मिळवलेली, ड्राफ्टच्या वाटेलाच गेली नाही. थेट फ्रान्सच्या लियोंशी करार केला. यादीत नावच नाही, तर पुकारणार कोण आणि हक्क सांगणार कोण?

त्याच्या दोन महिने आधीचा प्रकार तर विनोदी म्हणावा असा आहे. लुइव्हिलचा नवा क्लब लीगमध्ये यायचा होता, म्हणून जुन्या संघांच्या याद्यांतून खेळाडू निवडायला त्याच्यासाठी वेगळा ड्राफ्ट झाला. त्यात लुइव्हिलने क्रिस्टन प्रेस आणि टोबिन हीथ यांचे हक्क उचलले. दोघी त्या वेळी इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडकडून खेळत होत्या. लुइव्हिलकडून त्या एकही सामना खेळल्या नाहीत. प्रेसचे हक्क पुढे लॉस एंजेलिसच्या एंजल सिटीला गेले. कागदावरची नावं या क्लबाकडून त्या क्लबाकडे फिरत राहिली, आणि ज्यांची ती नावं त्या बायका समुद्रापलीकडे आपल्या मनासारखं खेळत होत्या. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि पेरतोय दुसराच, हे आपल्याला नवीन नाही. इथे तर जमीनच चालत दुसऱ्या गावाला गेली होती.

परत स्काय ब्लूकडे येऊ, कारण गोष्ट तिथे संपली नाही. एप्रिल २०१९ मध्ये क्लबचे व्यवस्थापक पायउतार झाले. सराव आणि राहण्याची व्यवस्था बदलायला लागली. सामने हॅरिसनच्या रेड बुल अरीनासारख्या खऱ्याखुऱ्या फुटबॉलच्या मैदानावर जाऊ लागले, आणि २०२१ मध्ये नावही बदललं: गॉथम एफसी. हे सगळं दोन मुलींच्या नकारामुळे झालं असा दावा मी करणार नाही. बातम्या होत्या, चाहत्यांचा संताप होता, कार्ली लॉइडसारखीची नाराजी होती. पण बातमीचा खुलासा करता येतो, चाहत्यांच्या फलकांकडे काणाडोळा करता येतो. ड्राफ्टमधलं दुसरं आणि सहावं नाव हातचं जातं तेव्हा त्याचा खुलासा करता येत नाही.

२०२२ मध्ये गॉथम पुन्हा तळाला गेला. जुन्या शास्त्राप्रमाणे आता काय करायचं? २०२३च्या ड्राफ्टमधली पहिली नावं घ्यायची आणि त्या पोरी मोठ्या होईपर्यंत वाट बघायची. गॉथमने उलट केलं. पहिली निवड सोडली, आणि त्या सौद्यात पोर्टलंडची यझमीन रायन आणली. दुसरी निवडही कॅन्सस सिटीला दिली आणि बदल्यात लिन विल्यम्स घेतली. हंगामाच्या मध्यावर स्पेनची विश्वविजेती एस्थर गोन्झालेस माद्रिदहून आली, करार करून, स्वतःच्या मर्जीने. ११ नोव्हेंबर २०२३ला सॅन दिएगोत अंतिम सामना झाला. गॉथम २, ओएल रेन १. गॉथमचे गोल कुणी केले? विल्यम्स आणि गोन्झालेस.

ड्राफ्टमधली वरची दोन नावं विकून तळाचा संघ एका वर्षात विजेता झाला. योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही.

दोन महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, याच क्लबात अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातल्या चौघी एकदम आल्या: क्रिस्टल डन, रोझ लाव्हेल, एमिली सॉनेट आणि टिएर्ना डेव्हिडसन. चौघींचे आधीचे करार संपलेले, कुठेही जायला मोकळ्या. २०२२च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने हे मोकळेपण पदरात पाडून घेतलं होतं. यातली डेव्हिडसन म्हणजे २०१९च्या त्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव. ज्या ड्राफ्टमध्ये या क्लबाला दुसरी आणि सहावी मुलगी मिळाली नाही, त्यातली पहिली पाच वर्षांनी आपल्या पायांनी चालत आली.

आणि त्याच वर्षी, २२ ऑगस्टला, लीगने ड्राफ्ट रद्द केला. अमेरिकेतल्या मोठ्या लीगांमध्ये असं पाऊल उचलणारी ही पहिली. कोर्टाने डोळे वटारले म्हणून नाही, खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात २०३० पर्यंतचा करार झाला त्यात. कॉलेजमधून येणारी असो की परदेशातून, प्रत्येकीने आपला क्लब आपण निवडायचा. खेळाडूच्या संमतीशिवाय तिला दुसऱ्या क्लबाला देऊन टाकता येणार नाही, हेही त्यातच. किमान पगार २०२५ मध्ये ४८,५०० डॉलर, आणि २०३० पर्यंत ८२,५०० वर जाईल. २०१८चे १५,७५० आठवा.

लीगने हे उदार मनाने केलं अशा भ्रमात राहू नये. लंडन, लियों, माद्रिद दारात उभे होते. २०२२च्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव नेओमी गिर्मा. जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिच्यासाठी दहा लाख डॉलरहून जास्त मोजले, बायकांच्या फुटबॉलमध्ये एवढी रक्कम त्याआधी कुणी दिली नव्हती. अशा बाजारात ‘आम्ही ठरवू तिथे जा’ म्हणणारी लीग किती दिवस टिकली असती?

मग सगळं छान झालं का? नाही, आणि इथे माझ्या बाजूच्या लोकांनी थोडं गप्प बसून ऐकावं असं आहे. ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांची चर्चा होते, पण तो खरा उपयोगी पडायचा चौथ्या फेरीतल्या मुलीला. जिचं नाव कुठल्या वर्तमानपत्रात येत नाही, जिला एजंट परवडत नाही, जी एखाद्या आडबाजूच्या कॉलेजात खेळते. तिचं नाव यादीत यायचं, कुणी तरी उचलायचं, आणि सराव शिबिराचं एक निमंत्रण हातात पडायचं. आता तिला स्वतः क्लबांना चित्रफिती पाठवायच्या, उत्तरं यायची वाट बघायची, चाचण्यांसाठी पदरमोड करून फिरायचं. ओळख असलेलीचं काम पटकन होईल, नसलेलीचं राहून जाईल. मोकळा बाजार म्हणजे ओळखीचा बाजार, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. यावर उपाय काढता येतील: लीगनेच सगळ्या क्लबांच्या प्रशिक्षकांसमोर सामायिक चाचणी शिबिरं घ्यावीत, प्रवासखर्च लीगने सोसावा. पण ते करावं लागेल, आपोआप होणार नाही. ड्राफ्ट मोडल्याचा आनंद मला आहे, या मुलीचा प्रश्न सुटल्याचा नाही.

समतोलाच्या भीतीचं मात्र अजून तरी काही खरं झालेलं नाही. गॉथमने चार तारे एकदम आणले म्हणून २०२४ त्यांचंच असं सगळे म्हणत होते. जिंकलं ऑरलँडो. झांबियाच्या बार्ब्रा बांडाला चीनमधल्या क्लबकडून मोठी रक्कम देऊन आणलं होतं, अंतिम सामन्यातला एकमेव गोल तिचाच, आणि संघात अडतीस वर्षांची मार्ता. २०२५ मध्ये साखळीत कॅन्सस सिटी अव्वल होती, कॅन्सस सिटीला कुणी बडं शहर म्हणणार नाही. विजेतेपद घेतलं ते बाद फेरीत आठवा, म्हणजे शेवटचा, येऊन बसलेल्या गॉथमने. पगाराची मर्यादा अजून आहेच, प्रशिक्षक चुका करायचे ते करतातच, दुखापती व्हायच्या त्या होतातच. समतोल राखायला मुली वाटून घ्यायची गरज नव्हती.

पुरुषांची मेजर लीग सॉकर मात्र ड्राफ्ट अजून चालवते. तिथला कारभार मुळात निराळा, खेळाडूचा करार क्लबशी नसतो, लीगशी असतो. २००८ पासून क्लबांना आपल्या अकादमीत घडवलेली पोरं ड्राफ्टला बगल देऊन थेट घेता येतात, त्यामुळे सर्वांत चमकदार पोरं ड्राफ्टपर्यंत येतच नाहीत. उरलेल्यांची नावं हिवाळ्यात पुकारली जातात. त्यातला कुणी युरोपात जातो, कुणी खालच्या लीगमध्ये, आणि क्लब त्याचे हक्क सांभाळत बसतो. अधूनमधून ताजोन बुकॅनन किंवा अ‍ॅलिस्टर जॉन्स्टनसारखा मोती निघतो, पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संघात खेळतो, म्हणून पद्धत चांगली म्हणायची तर लॉटरीलाही चांगलं म्हणावं लागेल. आपल्या इंडियन सुपर लीगनेही हे करून पाहिलं. जुलै २०१७ मध्ये मुंबईत ड्राफ्ट झाला, जमशेदपूरने पहिलंच नाव घेतलं केरळच्या अनस एडथोडिकाचं, एक कोटी दहा लाखांना. नंतर आपल्याकडे क्लब आणि खेळाडू थेट बोलू लागले. ड्राफ्ट गेला म्हणून कुणी रडल्याचं मला आठवत नाही. भारतीय फुटबॉलची रडगाणी आहेत ती वेगळीच.

परवा त्या विंगरची गाठ पडली. आता तो पोरांना शिकवतो, संध्याकाळी, मैदानाच्या कोपऱ्यात चार शंकू लावून. मी त्याला ही न्यूजर्सीची गोष्ट सांगितली. ड्राफ्ट वगैरे त्याला काही विशेष वाटलं नाही. कचऱ्याच्या पिंपातल्या बर्फावर मात्र तो अडला. म्हणाला, ‘‘बर्फ तरी होता का त्यांच्याकडं? बरं हाय की मग.’’ आणि शिट्टी वाजवून पोरांकडे वळला.